बीव्हरचा पुढचा पाय

अग्राफेना मावशी आमच्या तळ्याकाठची पट्टीची सापळेवाली. बीव्हर शिजवावा तिनंच आणि चारचौघांत कुणाची जिरवावी तीही तिनंच. खाण कंपनीला आमच्या रानातून रस्ता काढायचा होता, त्याची सुनावणी लागली तेव्हा मी दुसरं कुणाला विचारलंच नाही, तिलाच उभं केलं.

इस्त्रीच्या कपड्यांतल्या साहेबांपुढं ती सावकाश बोलली. पाण्यातल्या जनावराची हाडं आम्ही पाण्यात सोडतो, रानातल्याची आगीत घालतो. मग ते नवं अंग घेऊन परत येतं. हाड हरवलं तर ते अधू जन्मतं, आणि आमच्याकडं पाठ फिरवतं. टाळ्या पडल्या. माझी तर कॉलर ताठ.

घरी आलो तर सकाळच्या बीव्हरचं पातेलं घासून पालथं घातलेलं. भाची पेलागियानं घर आवरताना हाडं कचऱ्याच्या पिशवीत भरून गाडीवर दिली होती. हाडं मावशी स्वतः नदीत सोडायची, पण त्या दिवशी भाषणाच्या नादात तशीच ठेवून गेली होती. मी पेलागियावर तोंड सोडलं. मावशीनं माझं मनगट धरलं.

"तिला का बोलतोस? हाडं माझी होती."

गावाबाहेरच्या उकिरड्यावर कचरा त्याच दिवशी जाळायचे. पाण्याच्या जनावराला आग लागली की संपलंच. मी गाडी अशी हाकली की मावशी दोनदा उडाली, पण एरवीसारखी शिवी काही हासडली नाही. धूर एका कोपऱ्यात होता, पिशवी दुसऱ्यात. ती कुत्र्यांनी फाडलेली. मावशी गुडघ्यावर बसून राखेत, डब्यांत, पोरांच्या घाण लंगोटांत हात घालत होती. कवटी मिळाली, फासळ्या मिळाल्या, शेपटीचे मणके मिळाले. पुढचा एक पाय काही मिळाला नाही.

नदीकाठचा बर्फ सुटून पाणी मोकळं झालं होतं. तिथं तिनं एकेक हाड पाण्यात सोडलं आणि आमच्या भाषेत त्याच्याशी बोलली, "पाय कमी आहे रे. तुझ्याबद्दल लोकांना सांगत बसले, तुझं मात्र करायचं राहिलं."

मी तापट माणूस. म्हटलं, मावशी, एवढ्याशा पायाचं काय घेऊन बसलीस, आज तू कंपनीची बोलती बंद केलीस.

"तू एक हात घरी ठेव," ती म्हणाली, "आणि ही नदी पोहून दाखव."

पुढच्या सुनावणीला तिनं ते सगळं सांगायचं ठरवलं. मी हातापाया पडलो, की ते लोक हसतील, आपलीच बाजू लंगडी पडेल. ती उभी राहिली आणि उकिरड्यासकट सांगितलं. एक साहेब खरंच हसला. टाळी कुणीच वाजवली नाही.

तो बीव्हर ज्या ओढ्यावर सापडला होता, तिथले सापळे तिनं काढून आणलेत. पेलागियानं विचारलं, परत कधी लावायचे? मावशी म्हणाली, त्यानं बोलावलं तर.