जुना तक्ता

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की भिंगकाका त्याला खुर्चीत बसवत, नाकावर ती जड गोल चौकट चढवत आणि डोळ्यापुढे काच धरून विचारत, "हे बरं, की हे?" दुसऱ्या वेळी काच तीच असायची, नुसती काढून परत घातलेली. तरी गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगे, "दुसरं! दुसरं एकदम लख्ख!" काका "वा, नजर आहे बुवा!" म्हणत आणि ते पायरी उतरलं रे उतरलं की शेजारच्या घड्याळजीकडे शिरत.

"काय सांगू तुला, माणूस आधी ठरवतो, मग बघतो."

"ठरवतो म्हणे!" घड्याळजी डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणे. "ठरवणारा तो कोण? चावी आधीच दिलेली असते. आपण नुसतं टिकटिक करायचं, वर ऐट की मीच चालतोय."

"मग तू घड्याळं उशिरा देतोस, त्यालाही चावीच जबाबदार का रे?"

हा वाद रोजचा. चहा संपेपर्यंत माणसाची इच्छा कधी स्वतंत्र, कधी परतंत्र. ज्याचं गिऱ्हाईक आधी येई तो हरला.

काकांची दुसरी खोड म्हणजे बायकोच्या डोळ्यांची बढाई. "साठी उलटली, पण तक्त्यातली शेवटची ओळ घडाघडा वाचते!" गल्लीतल्या बायका म्हणत, "एवढी नजर असून नवरा हा निवडला?" काकू सगळ्यांत मोठ्याने हसत.

वर्षातून एकदा दुकानाची झाडलोट झाली की काकू त्या खुर्चीत बसत आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत. आता, जन्मभर दुपारी दुकानात बसून गिऱ्हाइकांची अडखळती वाचनं ऐकलेल्या बाईला तो तक्ता पाठ असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण घरातलं माणूस तपासताना शहाणपण खुंटीला टांगायचं असतं.

अलीकडे काकू दाराच्या चौकटीला खांदा आपटत, पेल्याच्या शेजारी पाणी ओतत. "वेंधळी झालीस!" काका म्हणत. "तुमच्याच संगतीत," काकू म्हणत.

मग लेक राहायला आली आणि एका सकाळी सगळं उघडं पडलं. तिनं आईच्या हातात नातवाचा फोटो दिला. "गोड आहे गं! अगदी तुझ्यावर गेलाय," आई म्हणाली. फोटो उलटा होता. आई कोऱ्या पाठीकडे बघून हसत होती.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. एका डोळ्यात काही उरलेलं नव्हतं, दुसऱ्यात चाळणीतून यावा एवढा उजेड. "गेलेलं परत येत नाही. तीन-चार वर्षं आधी आला असतात तर तेव्हा होतं तेवढं राखता आलं असतं." मग त्यांनी काकांकडे बघितलं. "तुम्ही स्वतः चष्मेवाले ना?"

त्यानंतर काका घड्याळजीकडे जाईनात. शेवटी घड्याळजीच चहा घेऊन आला. "अरे, व्हायचं ते होतंच. आपल्या हातात काय असतं?"

"नको," काका म्हणाले. "तसं म्हटलं की मी सुटलो. मला सुटायचं नाही."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"तेच तर मला ठाऊक नाही रे."

गावभर दुसऱ्यांची नजर तपासणाऱ्या माणसाला आता एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आपल्याला कळलं नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं? आणि विचारणार कोणाला? ज्याला विचारायचं तोच तर संशयित.

एका दुपारी काकू मटार सोलत बसल्या होत्या. काका समोर खुर्ची ओढून बसले.

"तू पाठ म्हणत होतीस?"

"हो."

"का गं?"

"माझी आत्या आंधळी झाली तेव्हा तिला कोपऱ्यात खाट दिली आणि हातातलं एकेक काम काढून घेतलं. प्रेमानंच हं. मला तो कोपरा नको होता. माझं मी ठरवलं."

"आणि मला कसं कळलं नाही?"

"तुम्हाला कसं कळणार," एवढं ती म्हणेल म्हणून काकांचा जीव कानात गोळा झाला होता. काकूंनी एक शेंग सोलली, दाणे चाचपून भांड्यात टाकले.

"तुम्ही नवा तक्ता आणला होतात, आठवतं? माझ्याआधी शेजारीण तोच वाचून गेली. मी खुर्चीत बसले, तो अजून पाठ झाला नव्हता. म्हटलं, आता पकडले जाणार. तर तुम्ही उठलात. तो उतरवलात, फळीवरचा जुना काढून लावलात. म्हणालात, 'तुला हाच सवयीचा.' मला वाटलं, यांना कळलंय. आणि यांनाही ते नकोय. मग म्हटला घडाघडा."

"मला आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही गं."

"मला आठवतं."

काकांनी डोकं खाजवखाजवून आठवायचा प्रयत्न केला. तक्ता उतरवणारे हात त्यांचेच असणार, दुसऱ्या कोणाचे? पण त्या हातांना कोणी सांगितलं होतं, ते काही केल्या हाती लागेना. आणि नवा आल्यावर जुना तक्ता टाकून न देता फळीवर कशाला ठेवला होता?

"रडताय होय?" काकू म्हणाल्या.

"छे."

"आता खोटं बोलायची सगळी सोय तुमचीच आहे बाई. मला काय दिसतंय?"

"...रडतोय."

"बरं, मग एक खरं सांगा. मी म्हातारी दिसते का?"

नाही म्हणायला जीभ उचलली होती. काकांनी ती आवरली.

"दिसतेस."

"फार?"

"डोळ्यांखाली काळं झालंय. कपाळावरचे केस विरळ झालेत. हनुवटीवर एक पांढरा केस आहे."

शेंगेवरचं बोट थांबलं. मग ते हळूच हनुवटीकडे गेलं.

"आणखी?"

काकांनी चष्मा पुसला आणि ते पावलं न वाजवता उठून तिच्या शेजारी येऊन बसले. काकूंचा चेहरा मात्र समोरच्या रिकाम्या खुर्चीकडेच वळलेला राहिला. "सांगा ना," ती खुर्चीला म्हणाली.