बापट सरांच्या रेकॉर्डिंगसमोर वर झालेला हात

सर आज पहाटे गेले, आणि दहा वाजता त्यांचं लेक्चर होतं.

डमडमहून, सरांच्या घरून, काकूंचाच फोन आला. "मुलगा दुपारी पोचेल, तोवर इथे येऊन काय करणार आहेस? त्यांचा तास बुडवू नकोस बाई. सुट्टी दिलेली त्यांना खपायची नाही."

बापट सर. जन्म कोलकात्याचा, बंगाली अस्खलित, पण माझ्याशी कायम खणखणीत मराठी. डेंटल कॉलेजात आधी माझे सर, मग माझे सीनियर.

रेकॉर्डेड लेक्चर या प्रकाराचा त्यांना भयंकर राग.

"अगं, डब्यातल्या मास्तरला शंका कशी विचारायची?"

"आणि सर, ट्रेन लेट झाली म्हणून सियालदहच्या अलीकडे अडकलेल्या पोरांनी तुमचं लाइव्ह लेक्चर कसं ऐकायचं?"

मग आजारपणात घरी बसून सगळा विषय रेकॉर्ड केला.

पोरं तो दीडपट स्पीडने ऐकतात हे कळल्यावर मात्र जाम भडकले. "मी काय लिलाव पुकारतोय?"

त्यांच्या तासाला हॉलमध्ये आम्ही तेच रेकॉर्डिंग लावायचो. संध्याकाळी पोरं सरांना फोन करून शंका विचारायची. धाप लागायची, तरी माणूस बोलायचा.

आणि मी? मी प्रॅक्टिकल्स घेते. भरल्या वर्गासमोर उभं राहायचं म्हटलं की मी काहीतरी कारण काढते. "किती दिवस पळशील?" सर विचारायचे. मी हसून टाळायचे.

आज व्हिडिओ लावला. खालच्या दाढेला भूल कशी द्यायची, हा विषय. सर स्क्रीनवर नेहमीसारखे हातवारे करत होते. पोरांना बातमी सकाळीच कळली होती.

सरांचा एक नियम होता. अडलं की तिथेच हात वर. तास संपायची वाट बघायची नाही.

मधेच पौलोमीचा हात वर गेला. थेट स्क्रीनकडे बघत.

मग तिच्या लक्षात आलं. हात झटकन खाली घेतला आणि पोरगी ढसाढसा रडायला लागली.

आता संध्याकाळी कुणाला विचारायचं? प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच.

मी व्हिडिओ थांबवला. फळ्यापाशी जाऊन उभी राहिले.

"बोल पौलोमी."

"मॅम, पेशंट लहान मूल असेल तर? सुई इथेच?"

"नाही. थोडी खाली." फळ्यावर जबडा काढला. वाकडाच आला. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅम, याला आधी तारा लावायला ऑर्थोकडे पाठवा!"

सगळे हसले. रडत रडत हसले. मग एकेक हात वर यायला लागला. एका शंकेचं उत्तर मला आलं नाही. म्हटलं, उद्या वाचून येते.

दुपारी डमडमला गेले. काकूंनी दारातच विचारलं, "तास झाला?"

"झाला काकू. वेळ पुरला नाही."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग मात्र मला आवरलं नाही.

सर, तुमची रेकॉर्डिंग्ज पोरं घरी ऐकून येतील. दीडपटच ऐकतील, चिडू नका.

वर्गात शंकांना मी उभी आहे.

भरल्या मनाने नमस्कार, सर. निर्धास्त जा.