राजाची उडी

माझा मोठा भाऊ विद्याधर, आमचा दादा, कचेरीत टायपिस्ट होता. सहाला मुलुंडच्या घरी आला की चहा घ्यायचा आणि आमच्या वडिलांसमोर, अण्णांसमोर, बुद्धिबळाचा पट मांडायचा. त्यांच्याशी तो देशी नियमांनी खेळे: प्यादं एकेक घर चालणार, आणि शह न लागलेल्या राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी. स्पर्धेतल्या विलायती नियमांत ही उडी नसते, आणि प्यादं पहिल्या चालीला दोन घरंही जाऊ शकतं. मित्र त्याला बजावत, "दोन्ही खेळ डोक्यात ठेवू नकोस, एक दिवस वाट लागेल." पण अण्णा विलायती नियमांनी खेळायला बसतच नसत. उडी नाही तो राजा कसला, म्हणायचे.

सत्तावन्न साली उपनगरांच्या स्पर्धेत दादाची शेवटची फेरी घाटकोपरच्या एका शाळेत होती. डाव बरोबरीत सुटला असता तरी मुंबईच्या संघात जागा मिळत होती. आधीची दोन वर्षं ती अर्ध्या गुणाने हुकली होती. अण्णा आणि मी भिंतीजवळच्या बाकावर बसलो.

समोर वांद्र्याचे वकील नंदकिशोर. दादाकडे काळी मोहरी. त्याने आपला आवडता किंग्ज इंडियन बचाव घेतला: राजाला एका बाजूला, प्यादी आणि उंटाच्या आडोशाला बसवायचं आणि समोरच्याला अंगावर येऊ द्यायचं. नंदकिशोर आलेच. त्यांचं कडेचं प्यादं, पाठीशी हत्ती घेऊन, पुढे सरकत होतं. दादाने आपला हत्ती बाजूला करून राजाला वाट द्यायला हवी, एवढं मलाही कळत होतं. त्याच्या घड्याळात चार मिनिटं उरली होती. मी मनात रामरक्षा म्हणत होते.

दादाचा हात गेला तो राजावर. त्याने राजा उचलला, घरच्या उडीसारखा दोन घरं आडवा नेला आणि हवेतच थांबला. अण्णांनी डोळे मिटले.

"राजा उचललात," नंदकिशोर हळूच म्हणाले. "आता राजाच चालवावा लागेल."

"हो," दादा म्हणाला.

राजाला एकच घर मोकळं होतं, कोपऱ्यातलं, थेट त्या हत्तीच्या रेषेत. रामरक्षा कुठल्या ओळीवर सुटली, कळलं नाही. पुढच्या सातव्या खेळीला दादाने हार मानून राजा आडवा ठेवला आणि हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी सहाला दादा आला, तेव्हा पट अण्णांनीच मांडला होता. दादाने सवयीने प्यादं एक घर पुढे केलं. अण्णांनी ते उचलून आणखी एक घर पुढे ठेवलं.

"आजपासून दोन घरं," ते म्हणाले. "बाकीचं तू सांग मला."