मामीच्या कॅमेऱ्याचं झाकण

मामीने फोटो काढायचा म्हटलं की आमच्याकडे रुसवेफुगवे ठरलेले. जाडी माणसं मध्ये, बारीक माणसं कडेला, हा तिचा कायदा. तिच्या कॅमेऱ्याचं भिंग इतकं रुंद बघणारं, की लहानशा खोलीच्या तीन भिंती एका फोटोत मावायच्या. पण कडेला जे येईल ते ताणलं जायचं. "कडेला गेलात तर दोन माणसांएवढे दिसाल," असं ती माझ्या धाकट्या काकांना चारचौघांत म्हणाली. काका वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. मामी ढिम्म.

घरांचे, कारखान्यांचे आतले फोटो काढणं हा तिचा धंदा. कॅमेरा रोलचा. त्याला लागणारं सामान मिळेना, तेव्हा तिने घरीच करायला घेतलं. भिंगावर तिरपा उजेड पडू नये म्हणून बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचं टोपडं, आतून काळं रंगवलेलं. कॅमेरा जरा कलला तरी भिंती पडायला आल्यासारख्या दिसतात, म्हणून वर गवंडी वापरतात तसली छोटी पाणसळ. आणि बटण दाबायला लांब वायर, कारण जवळ उभं राहिलं की तिचीच चप्पल फोटोत यायची. एकदा आलीच. तो फोटो तिने फाडला नाही, दाराला लावला. मला ती फार आवडायची.

ह्या कॅमेऱ्यात भिंगातून बघता येत नाही. डोक्यावर फाइंडर म्हणून वेगळी काच बसवलेली असते, तिच्यातून बघायचं.

बाबा छापखान्यात होते. एकच मशीन त्यांनी एकतीस वर्षं चालवलं. ते भंगारात निघालं, तेव्हा बाबांनी, ज्यांनी कधी कोणाकडे पाणीसुद्धा मागितलं नाही, मामीला विचारलं, "वहिनी, मशीन आणि आम्ही चौदा जण, एका फोटोत येऊ का? बाकीचे म्हणतात, खोलीत जमणार नाही."

"जमवते, भाऊजी."

त्या दिवशी मामीने स्वतःचा कायदा मोडला. बाबा काडीपैलवान, तरी त्यांना मशीनला खेटून मधोमध उभं केलं. पाच फोटो काढले. मशीन न्यायला आलेली माणसं ताटकळली होती, "झालं ना?" म्हणत त्यांनी मशीन पाइपांवरून दाराकडे ढकललं. मामी आवराआवर करू लागली. भिंगाला झाकण लावायला गेली, तर झाकण जागेवरच.

ती पांढरीफटक पडली. गुपचूप निघून जाता आलं असतं. रोल खराब निघाला म्हणाली असती, तर कोणाला कळणार होतं? पण ती सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "मी झाकण काढलंच नव्हतं. एकही फोटो आलेला नाही. चूक माझी."

"मशीन मागे घ्या की," कोणीतरी म्हणालं.

"आता कसलं मागे घेताय? पुढचं टोक उतारावर गेलंय," ढकलणाऱ्यांतला एक म्हणाला.

बाबा दाराशी गेले आणि मशीनवर हात ठेवला. "एक मिनिट थांबा रे," एवढंच त्या माणसांना म्हणाले. मामीने कॅमेरा कोपऱ्यात ओढला, पाणसळ बघितली, झाकण काढून चक्क दातांत धरलं आणि वायर दाबली. बाकीचे तेरा जण जिथे होते तिथेच राहिले. बाबांनी कॅमेऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने झाकणाला पत्र्याची एक जीभ ठोकली. झाकण लावलं की ती जीभ फाइंडरवर येते आणि आत अंधार होतो. पुन्हा ती चूक होणं नाही. नवं कोणी शिकायला आलं की आधी हे झाकण दाखवते, आणि त्यामागची फजिती मीठमसाला न लावता सांगते.

फोटो घेऊन ती घरी आली, तेव्हा तिचे डोळे भरले होते. दार फोटोच्या अगदी कडेला आलं होतं. तिथे मशीन, आणि मशीनवर बाबांचा हात, ताणून भलताच लांब झालेला.

"कड कापून देते, भाऊजी. हात वेडावाकडा दिसतोय."

बाबांनी फोटो तिच्या हातून काढून घेतला.

"कापू नका, वहिनी. ते निघालं होतं. हात तेवढा लांब करावाच लागला."