नाळे म्हणजे उद्या

माझी पहिली रहस्यकथा पुण्याच्या एका बंगल्यात घडत होती. मी तोवर पुण्याला एकदाच, तेही एका लग्नाला गेले होते. कर्नाटकाच्या सीमेवरच्या औरादच्या शाळेत शिकवून घरी आले की लिहायला बसायची. बंगला, माळी, पाइप ओढणारा इन्स्पेक्टर, सगळं झरझर कागदावर यायचं. लिहून झाल्यावर ते बाड नणंदेला वाचायला दिलं. तिला घरात सगळेच अक्का म्हणतात. अक्कानं ते अर्ध्यावरच मिटलं.

"डाक्टरनं मारलंय."

"कशावरून?"

"त्याच्याच डोळ्याचं एवढं कामून लिहायलीस? बाकीच्यांला डोळे न्हाईत का?"

मी ते बाड ठेवून दिलं. गुन्हेगाराकडं बाकीच्यांपेक्षा जास्त पाहायचं नाही, एवढं मात्र शिकले. बंगलाही सोडला. नवी कादंबरी औरादमध्येच घडवली. तिच्यात एक आडतवाला मरतो. मरायच्या थोडं आधी तो फोनवर "नाळे, नाळे" म्हणतो. पुण्याहून आलेला पाहुणा ते ऐकतो आणि पोलिसांना सांगतो, नाल्याचं काहीतरी बोलत होते. पोलीस नाला धुंडाळत बसतात. कानडीत नाळे म्हणजे उद्या.

प्रकाशकांचा फोन आला. "मॅडम, कादंबरी छापू. फक्त ते कानडी काढा. आपल्या वाचकाला कळणार नाही."

"कळायचंच नाहीये सर, शेवटच्या प्रकरणापर्यंत."

ते हसले. आहे तसं छापलं.

औरादला कादंबऱ्यांचं दुकान कुठलं? मी पहिलं प्रकरण माझ्याच आवाजात मोबाइलवर वाचलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. ते फिरत फिरत उदगीर, लातूरला गेलं. अनोळखी लोक फोन करायचे, "पुढं काय झालं?" मी म्हणायची, "पुस्तक घ्या की."

मग अफजलपूरच्या एका वाचनालयानं कादंबरी वाचून दाखवायला बोलावलं. अक्का सोबत आली. समोर निम्मे लोक घरी कानडी बोलणारे. "नाळे" आलं आणि सगळी खोली हसली. मागून एक अण्णा ओरडले, "मॅडम, नाल्यात काय हुडकायलेत? उद्या ये म्हणलाय की त्यो!"

अक्कानं कपाळाला हात लावला. मी पुस्तक मिटलं.

"बरोबर हाय अण्णा. त्यानं उद्या ये म्हणून सांगितलं. मग आज कोण आलं?"

हसू थांबलं. कुणीतरी आडतवाल्याच्या बायकोचं नाव घेतलं, कुणी पाहुण्याचं. बघता बघता दोन्ही भाषांत वाद पेटला. चहा आला, निवला, तरी कुणी उठेना. नेलेलं पुस्तकांचं खोकं तिथंच रिकामं झालं.

स्टँडवर सोडायला आलेले अण्णा बस हलेपर्यंत खिडकीशी "कोण आलं मग?" विचारत होते. मी सांगितलं नाही. अक्कालाही नाही.