मोटरीचा आवाज सांगताना

लग्न होऊन मी तापीकाठच्या प्रकाशा गावी आले तेव्हा सासरी एक मोटर होती, आणि ती तेव्हाच म्हातारी होती. शहाद्याच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठने नवी गाडी आणली आणि जुनी माझ्या नवऱ्याकडे आली. तापीपलीकडून, नंदुरबारच्या बाजूने येणारी माणसं नावेने आमच्या काठाला उतरायची. घाट चढून वर आली की ते त्यांना मोटरीत बसवून शहाद्याला सोडायचे. पावसाळ्यात रस्त्याचा चिखल व्हायचा, तेव्हा मोटर दारासमोरच्या निंबाखाली उभी.

त्या काळी नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायची सोय नव्हती. घरात सासू-सासरे, ओसरीवर येणारे-जाणारे. मी डोक्यावरचा पदर सांभाळत स्वयंपाकघरातून परसात आणि परसातून स्वयंपाकघरात. त्यांचा आवाज मात्र दिवसभर कानावर यायचा, कारण ते मोटरीशी बोलायचे. तिला रागवायचे, तिची समजूत काढायचे. मला त्या मोटरीचा हेवा वाटायचा, हे आज सांगायला हरकत नाही.

त्यांच्या हाताखालचा गडी जिनमध्ये कामाला गेला आणि माझं नशीब उघडलं. एका दुपारी ते दारातून आपल्या आईला म्हणाले, "माय, हिले जराशी बाहेर धाड."

सासूला मी आत्या म्हणायचे. आत्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मोटरले बाईनं काय काम?"

"हात लावानं काम नही, देखानं काम शे," ते म्हणाले. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, पीठ झटकलं आणि मानेनेच 'जा' म्हटलं.

बॉनेट उघडं होतं. त्यांनी मला मोटरीची ठिणगी समजावून सांगितली. पेट्रोलची वाफ आणि हवा आत येते, दट्ट्या वर येऊन ती दाबतो, आणि नेमकी त्याच वेळी ठिणगी पडली पाहिजे. लवकर पडली तर मोटर सुरू करायला पुढून फिरवायचं हँडल उलटं फिरतं आणि मारणाऱ्याचं मनगट मोडतं. उशिरा पडली तर मोटर नुसती तापते, चढावर रडते. ठिणगी पुढेमागे करायची एक दांडी स्टिअरिंगच्या चाकापाशी, चालवणाऱ्याच्या हाताशी होती; ती वर केली की ठिणगी उशिरा पडायची. पण मुळात ठिणगीची वेळच चुकीची बसली तर दांडी काय करणार?

पहिला प्लग काढून त्यांनी माझा अंगठा त्या भोकावर ठेवला आणि पुढे जाऊन हँडल सावकाश फिरवलं. आतून हवेने माझा अंगठा ढकलला. मी दचकून हात मागे घेतला, तेव्हा ते हसले. मग ठिणगी तयार करणाऱ्या मॅग्नेटोची टोपी काढून आतले दोन इवलेसे पॉईंट दाखवले. ते एकमेकांपासून सुटतात त्या क्षणी ठिणगी पडते. पतंगाच्या कागदाची पट्टी त्यांनी त्या दोघांमध्ये अडकवली. म्हणाले, "हाई हलकेच वढत ऱ्हा. सुटनी का सांग."

ते हँडल केसभर, केसभर पुढे नेत होते. मी कागद ओढत, श्वास रोखून उभी. अचानक कागद हातात आला आणि मी ओरडले, "सुटला!"

आत्या पिठाच्या हातांनी बाहेर धावत आल्या. "काय सुटनं व माय?"

सासरी आल्यापासून चारचौघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी उच्चारलेला तो पहिला शब्द.

त्यानंतर मी मोटरीचं माणूस झाले. ठिणगीपेक्षाही जास्त वेळ लागायचा तो 'स्लो' बसवायला. घाटावर नावेची वाट पाहत मोटर उभी असताना इंजिन बंद करून चालत नसे. तापलेली मोटर हँडलला दाद द्यायची नाही. म्हणून उभ्या उभ्या तिने हळू पण सलग चाललं पाहिजे. ते हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या स्क्रूवर पेचकस ठेवायचे आणि डोळे मिटायचे. "आयक, ती काय सांगी ऱ्हायनी," असं म्हणायचे. हवा कमी झाली की ती घशाशी आल्यासारखी खोकायची. जास्त झाली की धापा टाकायची. ते विचारायचे, "आते?" मी म्हणायचे, "अजून थोडं." पुन्हा "आते?" पुन्हा "अजून." आमचा संसार खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाला. स्क्रू अर्ध्या फेऱ्याने फिरवायचा असायचा आणि आम्ही त्याला अख्खी दुपार लावायचो.

मग लढाई आली. आमच्याकडे ती आली म्हणजे पेट्रोल मिळेनासं झालं. मोटर निंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. ते काही दिवस शेतावर गेले, पण त्यांचे हात तिथे रमेनात. फौजेत लॉरी चालवणारे हवे आहेत असं नंदुरबारहून कुणी तरी सांगत आलं, आणि ते भरती झाले.

निघताना ते मला मोटरीपाशी घेऊन गेले. घरात आत्या रडत होत्या, तिथे काय बोलणार? म्हणाले, "बाजारना दिवसले एकदाव हँडल फिराव. नही तं जाम व्हई जाई." आणि मग दांडीवर हात ठेवून म्हणाले, "हाई पहिले वर करजो, मंग हँडलले हात लावजो. तुन्हा हात मोडाले नको." एवढंच. नाव पलीकडे लागेपर्यंत मी घाटाच्या पायरीवर उभी होते. पलीकडच्या वाळूत डांगराचे वेल पसरले होते. त्यांच्यामधून वाट काढत ते चालत गेले, आणि मग वेलच दिसत राहिले.

दर बाजाराच्या दिवशी मी हँडल फिरवायची. पेट्रोल नव्हतं, ठिणगी पडून उपयोग नव्हता. तरी दांडी आधी वर करायची. आतून दट्ट्या वर येताना येणारा जोर हाताला जाणवायचा, आणि वाटायचं, कुणी तरी आतून ढकलतंय, आहे. गावातल्या बाया हसायच्या. आत्या त्यांना सांगायच्या, "तिन्हं वरत शे ते, करू द्या." वर्षं जात राहिली. त्यांचा चेहरा मला स्वच्छ आठवायचा, पण आवाज पुसट होऊ लागला. 'आते?' हा एक शब्द मात्र राहिला. परसात धुणं धुताना मी तो स्वतःशीच त्यांच्या सुरात म्हणून बघायची, गेला तर नाही ना म्हणून.

लढाई संपत आली तेव्हा ते परत आले. नावेत उभे होते. वाळले होते, पण तेच. आत्यांनी पायरीवरून लेकाला हाक मारली, "ओ भाऊ! भाऊ रे!" ते पाण्याकडे बघत राहिले. वारा उलटा असेल, असं मला वाटलं. नाव काठाला लागली, ते वर आले, आईच्या पाया पडले. आत्यांनी विचारलं, "कसा शे रे भाऊ?" त्यांनी तिच्या ओठांकडे नीट पाहिलं आणि फार मोठ्या आवाजात, घाटावरच्या साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माय, माले आयकू येस नही."

त्यांच्या लॉरीपाशी दारूगोळा फुटला होता. हातपाय शाबूत राहिले, कान गेले.

घरात माणूस आला आणि घर आधीपेक्षा गप्प झालं. आत्या खुणा करायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, पाटीवर लिहायची. 'जेवायला चला.' 'पाहुणे आलेत.' पण नवऱ्याला सांगायचं असतं ते काय पाटीवर लिहायचं असतं? इतकी वर्षं जे साठवून ठेवलं होतं, ते पेन्सिल हातात घेतली की लहान वाटायचं. ते वाचायचे, मान हलवायचे, आणि ओट्यावर जाऊन बसायचे. मोटरीकडे पाठ करून बसायचे.

आत्याच एक दिवस म्हणाल्या, "इकी टाकूत ती. देखीसन त्याना जीव जळस." पेट्रोल पुन्हा थोडं थोडं मिळू लागलं होतं. तळोद्याहून एक गिऱ्हाईक आलं, सोबत आपला ड्रायव्हर घेऊन. पेट्रोल घातलं, ड्रायव्हरने हँडल मारलं, आणि बऱ्याच झटापटीनंतर मोटर सुरू झाली. मला रडूच आलं. पण सुरू झाली ती अशी, की आवाज वर चढायचा, मग खाली खाली जायचा, पुन्हा धडपडून वर, आणि शेवटी गचका खाऊन बंद. तीनचारदा तसंच झालं. गिऱ्हाईक म्हणालं, बघू पुढे, आणि निघून गेलं.

ते ओट्यावरून हे सगळं बघत होते. ऐकू येत नव्हतं, पण मडगार्ड कसं थरथरतंय ते दिसत होतं. ते उठले, मोटरीपाशी आले आणि बॉनेटवर तळहात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाना आन."

आधी ठिणगी बसवली. मॅग्नेटो पुसून काढला, पॉईंट घासले. पतंगाचा कागद नव्हता, तर देवळातल्या प्रसादाच्या पुडीचा पातळ कागद घेतला. ते हँडलवर, मी पॉईंटपाशी. कागद सुटला आणि मी सवयीने ओरडले. ते हँडल पुढे नेतच राहिले. मग माझ्या लक्षात आलं. पुन्हा पहिल्यापासून केलं, आणि या वेळी मी एका हाताने कागद धरला, दुसरा हात लांब करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. सुटला तेव्हा खांदा दाबला. ते तिथेच थांबले.

मोटर एका हँडलात सुरू झाली. पण स्लो काही बसेना. ते स्क्रूवर पेचकस ठेवून माझ्या तोंडाकडे बघायचे. मी तळहात वर-खाली करून सांगायची: चढतेय, पडतेय. क्षणभर जमलं असं वाटायचं आणि लगेच घसरायचं. त्यांच्या कपाळावरची शीर उठली. पेचकस फेकून देतील असं मला वाटलं.

तेव्हा मी डोळे मिटले, ते मिटायचे तसे. ठकठक आवाजाच्या खाली आणखी एक आवाज होता, बारीक. भाकरी फुगून तिचा पापुद्रा फुटतो आणि वाफ निसटते, तसा. मी कान नेत नेत तो शोधला. कार्बोरेटर जिथे इंजिनाला जोडला होता, त्या सांध्यातून येत होता. मी त्या जागी बोट दाखवलं. त्यांनी तेलाच्या डबीतून तिथे दोन थेंब सोडले. मोटर एकदम शांत झाली, सुरात आली. तेल आत ओढलं गेलं आणि पुन्हा धापा टाकू लागली.

ते माझ्याकडे बघून हसले. परत आल्यापासून पहिल्यांदा. "पॅकिंग!" ते मोठ्याने म्हणाले. "उभं राही राही सुकायनं! चोरीनी हवा पी ऱ्हायनी ती!"

जोड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. त्यावर सांध्याचा आकार दाबून उठवला, कात्रीने कापला, खिळ्याने भोकं पाडली, तेलात भिजवला आणि दोन्ही बोल्ट सारखे आवळत बसवला. मग मोटर सुरू केली. त्यांनी मला पाण्याने भरलेली वाटी आणायला सांगितली आणि ती बॉनेटच्या न उघडलेल्या बाजूवर ठेवली. पाण्यावर लाटा उठत होत्या. मी तळहाताने सांगत होते, ते स्क्रू फिरवत होते, आणि मधूनच तेच विचारत होते, "आते?" पाणी हळूहळू बारीक, एकसारखं थरथरू लागलं.

पेचकस खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कशी वाजस?"

पाटी घरात होती. हाताशी असती तरी काय लिहिणार होते? मी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग त्यांचा काळा, तेलकट हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला. आणि लहान पोरं करतात तसा, ओठ मिटून, मोटरीसारखा आवाज काढला. हळू, सलग, तिच्याच चालीने. ते डोळे मिटून उभे होते. दुसरा तळहात त्यांनी बॉनेटवर टेकवला. आत्या दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या.

मोटर विकली नाही. पुढची काही वर्षं घाटावरून शहाद्याला ती पुन्हा जाऊ लागली, आणि पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी मी. मागून कुणी हॉर्न दिला, बैलगाडीवाल्याने ओरडून सांगितलं, इंजिन कुरकुरलं, की मी त्यांच्या दंडावर बोटांनी सांगायची. बाई पुढे बसते म्हणून आधी लोक बोलले, मग बोलायचे थांबले. पुढे मोठ्या बसगाड्या सुरू झाल्या, मोटरीला सुटे भाग मिळेनात, आणि एका उन्हाळ्यात तिला भंगारवाला घेऊन गेला. ते त्या दिवशी शेतावर निघून गेले होते.

ते जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत ते मोठ्यानेच बोलायचे, आणि माझं बोलणं ओठांवरून ओळखायचे. एका संध्याकाळी आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो होतो. दोघांचेही केस पिकलेले. ते नदीकडे बघत म्हणाले, "तुन्हा आवाज माले अजून याद शे. जशाना तसा."

माझा आवाज केव्हाच बदलला होता, घोगरा झाला होता. त्यांच्या कानात कुठली मी होते, काय म्हणत होते, हे मला फार विचारावंसं वाटलं. मी विचारलंही. अंधार पडला होता, आणि त्यांना माझे ओठ दिसत नव्हते.