जुन्या मोटारीच्या तेलाचा तपास

निजामी अमदानीतले ते प्रकरण. त्यानंतर राज्य बदलले, गणवेश बदलला, मी निवृत्त झाले. तरी ते माझ्या मनातून उतरलेले नाही.

बीडच्या ठाण्यात माझी नेमणूक एका विशेष कामासाठी होती. बायकांची झडती घ्यायची आणि पडदा पाळणाऱ्या घरांतल्या बायकांचे जबाब आत जाऊन ऐकायचे. मी ऐकलेले सांगे, मुन्शी ते उर्दूत उतरवून घेई आणि अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, त्यावर सही करीत. ठाण्यात बाई मी एकटीच. माझे बाक इतरांपासून दूर, पाण्याच्या रांजणापाशी होते. पहारा बदलला की शिपायांचे हसणे-बोलणे सुरू होई आणि मी दिसताच ते खाली बसे, पाखरांच्या थव्यावर सावली पडावी तसे. त्यात आदर होता. पण आदराला ऊब नसते.

पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. बीडहून परळीकडे उतारू नेणारी एक जुनी मोटार चढावर धापा टाकत थांबली, ती थांबलीच. इंजिन आतून जखडले होते. मोटार एका देशमुख घराण्यातल्या विधवेची. पतीच्या मागे मोटारीच्याच उत्पन्नावर ती बाई स्वतंत्र राहत होती, आणि तिचा दीर तो कारभार आपल्या हाती कधी येतो याची वाट पाहत होता. फिर्याद त्यानेच दिली. चालकाने दुसऱ्या मोटारवाल्याशी संगनमत करून इंजिनाच्या तेलात काहीतरी कालवले, असा त्याचा आरोप होता.

लगेच खबरही मिळाली. आमच्याच एका शिपायाने, कपिलधारला दर्शनाला गेला असता, त्या चालकाला फेरीवाल्याकडून एक बाटली विकत घेताना पाहिले होते. झडतीत ती बाटली, अर्धी रिकामी, चालकाच्या खोलीत सापडली. त्याची रवानगी हवालातीत झाली. परगावचा, विधुर, चौकशीला येणारे कोणी नसलेला माणूस. गुन्हा शाबीत झाला असता तर तुरुंग ठरलेला होता, आणि पुढे कोणत्याही मालकाने त्याच्या हाती मोटार दिली नसती.

विचारपूस माझ्या बाकावर ऐकू येत होती.

“बाटलीत काय होतं बे?” अमीनसाहेबांनी विचारले.

“मोटारीचं टॉनिक म्हून इकत होता त्यो, साहेब. जुन्या इंजिनाला ताकद येती म्हनला.”

“आली ताकद?”

जमादार हसला. “साहेब, मोटारीला बी आता हकीम लागाया लागला. उद्या नाडी बघतील तिची.”

चालक हसला नाही. “धूर लई निघत होता. उतारू खोकायचे, शिव्या घालायचे. ते टाकलं तवा धूर कमी झाला, आवाज बी दबला. पर थोडंच दिस. पुन्हा हाय तेच.”

“मग इंजिन कावून जखडलं?”

“ठाव न्हाई.”

तोवरची सगळी उत्तरे त्याने साहेबांच्या तोंडाकडे पाहून दिली होती. हे एकच जमिनीकडे पाहून दिले. स्वतःला वाचवणारा माणूस खोटे सांगताना डोळ्याला डोळा भिडवून बसतो. दुसऱ्याला वाचवणाऱ्याला ते जमत नाही, असा माझा अनुभव आहे.

परळीहून मिस्त्री बोलावून पंचांसमक्ष इंजिन उघडण्यात आले. आतले भाग तपकिरी, चिकट, चामड्यासारख्या सायीने लिंपलेले होते. मिस्त्रीने बाटली हुंगली आणि म्हणाला, हे नुसते दाट तेल दिसते, पण खात्री देता येत नाही. दिराने मात्र खात्री दिली. हेच ते विष, असे तो पंचांना पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

त्या सायीचा एक तुकडा कागदात बांधून, मोहोर लावून माझ्या बाकाशेजारच्या कोनाड्यात ठेवला होता. दुपारी तिथे ऊन येई. कागद तापला आणि एक वास हळूहळू माझ्यापर्यंत आला: नुकत्याच रंगवलेल्या दाराचा, आणि त्याच्या तळाशी भरडलेल्या बियांचा, किंचित कडसर. मी बराच वेळ डोळे मिटून बसले. मग अमीनसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

“साहेब, हे जवसाचे तेल आहे.”

“जवस?” जमादार म्हणाला. “म्हंजी मोटारीनं चटणी-भाकर खाल्ली म्हना की, बाई.”

मी शेगडी मागितली. पंच बसवले. एका पसरट झाकणात बाटलीतल्या तेलाचा पातळ थर दिला, दुसऱ्यात बाजारातून आणवलेल्या जवसाच्या तेलाचा. बाटलीतले तेल तापले, धुरकटले आणि अखेरपर्यंत पातळच राहिले. जवसाच्या तेलावर मात्र, निखारे पुन्हा पुन्हा फुंकल्यावर, आधी सुरकुती पडली आणि मग साय धरली. तपकिरी, बोटाला चिकटणारी. जमादार शेतकऱ्याच्या घरचा. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले.

“पोळ्याला बैलाला पाजतो आमी हे,” तो हळू आवाजात म्हणाला. “म्हाताऱ्या बैलाला तर हटकून.”

चालकाला विचारले. तो भिंतीकडे तोंड करून बसला. तेव्हा अमीनसाहेबांनी मला मोटारीच्या मालकिणीकडे पाठवले.

बंद मोटार बैल जुंपून घरी ओढून आणलेली होती आणि गोठ्यात उभी होती. तिच्या दिव्यांना बांधलेले गोंडे सुकले होते. पुढच्या पत्र्यावर हळदीचे पंजे उमटलेले होते. उरलेली सगळी दावण रिकामी. तिथल्या जमिनीला शेणाचा वाससुद्धा राहिला नव्हता. खुंटीला बैलाला औषध पाजायची बांबूची नळी टांगली होती. तिच्या तोंडाशी ओघळलेले तेल वाळून मधाच्या रंगाचे, काचेसारखे झाले होते.

“बसा, बाई,” मालकीण म्हणाली. “हिकडं कुनी येतच न्हाई.”

“पोळ्याला मोटारीची पूजा तुम्ही केलीत?”

“मग कोन करनार? बैलं इकून घेतलेली हाय ही. बैलं गेली, मागून मालक गेले. पोळ्याच्या दिशी गावभर वाजंत्री, अन् आमच्या दावनीला ही एकली. हिला न्हाऊ घातलं, हळद लावली, पुरनपोळी दावली.”

“आणि तेल?”

“पाजलं की.” तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. “धाप लागायची तिला, ऐकवायचं न्हाई. डायवर जिथून पाजतो त्याच तोंडात वतलं. जवसाचं, घान्यावरून ताजं आनलेलं. नळ्या भरभरून पाजलं. कावून इचारता?”

मी सांगितले. इंजिनाच्या उष्णतेने ते तेल आतल्या आत कसे घट्ट होते, तेही सांगितले. ती नळीकडे पाहत राहिली. बाहेर कुठेतरी कडबा तोडल्याचा खटखट आवाज येत होता.

“डायवरनं सकाळी तेलाच्या तोंडाला लागलेली हळद बघितलती,” ती म्हणाली. “म्या खिडकीतून बघत व्हते. निस्ता हसला अन् मोटार घेऊन गेला.”

“आता तो काहीच सांगत नाही, म्हणून आत आहे.”

“म्या सांगितलं तर सुटंल?”

“सुटेल.”

“अन् भावजी म्हनतील, असल्या बाईच्या हाती कारभार कशाला.”

“म्हणतील.”

तिने पदर सारखा केला. “टांगा बोलवा. पडद्याचा.”

रीत अशी होती की पडद्यातल्या बाईने माझ्या कानात सांगायचे आणि मी ते मोठ्याने उच्चारायचे. टांगा ठाण्याच्या दारात थांबला, अमीनसाहेब पायऱ्यांवर आले, दीर आधीच तिथे होता. मी पडद्याशी कान नेला. पण ती माझ्यासाठी थांबली नाही.

“तेल म्या पाजलं,” पडद्याआडून स्पष्ट शब्द आले. “जवसाचं. मोटार माझी, हात माझा. त्याला सोडा.”

“वैनी, येड लागलं का?” दीर म्हणाला. “लोकं हसतील.”

“हसू द्या, भावजी.”

नळी, शेगडीवरची दोन झाकणे आणि हा जबाब. तिन्ही एकमेकांशी जुळत होती. अमीनसाहेबांनी चालकाला सोडण्याचा हुकूम दिला. तो बाहेर आला आणि टांग्यापासून अंतर राखून, मान खाली घालून उभा राहिला.

“वाटलं, तेलात तेल, काय बिघडतंय,” तो म्हणाला. “हळद पुसाया मन झालं न्हाई, बाईसाहेब.”

पडदा हलला नाही. आतून विचारणा झाली, “जेवलास का?”

“जेवतो आता.”

टांगा वळला. त्या दोघांचे बोलणे एवढेच. दिराला हवे होते ते मिळाले. कारभार त्याच्या हाती गेला, मोटार मोडीत परळीला गेली. चालक कोणत्या रस्त्याला लागला ते कळले नाही.

आजही जुनी गाडी बाळगणारे लोक इंजिनात ओतायच्या बाटल्यांविषयी बोलतात, तेव्हा मी त्या मिस्त्रीने नंतर दिलेले मत सांगते. दाट तेलाने धूर काही दिवस दबतो, आवाज मऊ होतो, पण झिजलेला भाग झिजलेलाच राहतो. योग्य तेल वेळेवर बदलावे, झीज दिसली की दुरुस्त करावी. बाटलीवर भिस्त ठेवू नये, आणि घरातले तेल तर मुळीच ओतू नये.

तपासाविषयी मी जे शिकले ते याहून वेगळे आहे. काही मोडले की पोलीस आधी वैरी शोधतात. मीही तेच करत असे. पुढे मात्र अशा कोणत्याही घरात शिरले की मी पहिल्यांदा पाहू लागले ते इथे सर्वांत एकटे कोण आहे. ते माणूस बहुधा मागच्या खोलीत सापडे. मी दारात उभी राहिले की ते सरकून जागा करून देई, आणि एकदा बोलू लागले की थांबत नसे. मलाही उठावेसे वाटत नसे.